वाटेवरचं पाणी

“कुठं निघाल्या मॅडम, एवढ्या पावसात?”

“वाट बघायला.”

“कोणाची?”

कन्नडच्या स्टँडजवळ चहाची टपरी चालवणाऱ्या मावशी हा प्रश्न दर पावसाळ्यात एकदा तरी विचारतात. उत्तर त्यांना माहीत असतं. तरी विचारतात, स्वतःच खदखदून हसतात आणि चहात आलं जरा जास्तच ठेचतात. आमच्या तालुक्यात आल्याला तोटा नाही. मी छत्री मिटून बाकड्यावर टेकते. पिशवीत दोन खुरपी, एक वही, कॅरीबॅगेत गुंडाळलेला मोबाइल. मला खरंच वाट बघायला जायचं असतं, आणि तेही पाऊस चालू असताना. वाट कशी आहे ते कोरड्या दिवशी कळत नाही.

ही वाट गौताळ्याच्या जंगलातली. पठारावरून उतरते, एका झऱ्यापाशी येते, तिथून डोंगराच्या कुशीनं वळसा घालून पलीकडच्या तांड्यावर निघते. लांबी एक किलोमीटर आठशे मीटर. गुरुजींनी, आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी, टेप धरून मोजलीय, त्यामुळे वाद नाही. नेमकी कुठली ते सांगणार नाही. एका मिनिटाच्या व्हिडिओनं एखाद्या धबधब्याची काय गत होते ते आम्ही जवळून पाहिलंय. ज्यांना ती वाट लागते त्यांना ती ठाऊक आहे, तेवढं पुरे.

अभयारण्य १९८६ सालचं. साधारण २६० चौरस किलोमीटर, काही आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, काही जळगावात. कागदावर नाव ‘गौताळा औट्रमघाट’. औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी. घाटाला त्याचं नाव चिकटलं, पण एसटीचे ड्रायव्हर आणि आम्ही कन्नड घाटच म्हणतो. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन आणि रिकामा हंडा येतो. त्यात खोटं काही नाही. पण इथंच सलई, धावडा, खैर, पळस, मोह असलेलं पानगळीचं जंगलही आहे, बिबट्या आहे, तरस आहे, रोही आहेत. उन्हाळ्यात ते जंगल नुसतं काड्यांचं दिसतं आणि पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत ओळखू येत नाही.

डोंगर बेसाल्टचा. काळ्या कातळाचा एक थर, मग मऊ मुरमाचा, मध्येच गेरूसारख्या लाल मातीची पट्टी. कातळावरची वाट पिढ्यान् पिढ्या टिकते, मुरमावरची चार पावसाळ्यांत ओघळ होते. आणि पाऊस तरी कसा? भूगोलाच्या तासाला मीच मुलांना सांगते की मराठवाड्याची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. मुलं वहीत लिहून घेतात. सरासरी पाऊस मी आयुष्यात एकदाही पाहिला नाही. तो तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही आणि मग एका रात्रीत सगळा हिशोब चुकता करतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीला केला तसा. त्या पावसानं कन्नड घाटात दरडी आल्या, महामार्ग बंद पडला, खाली तितूर नदी चाळीसगावात शिरली. रस्त्याचं सगळ्यांनी पाहिलं, पेपरात फोटो आले. आमच्या पाऊलवाटेचं काय झालं ते तांड्यावरच्या बायांनी सांगितलं. झऱ्याच्या वरचा तुकडा गुडघाभर खचून त्याचा नालाच झाला होता.

तिथून हे सगळं सुरू झालं, आणि अगदी चुकीच्या पद्धतीनं सुरू झालं.

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही श्रमदान ठरवलं. ‘आम्ही’ म्हणजे शाळेतले तीन-चार शिक्षक, एक मेडिकलवाला, पहाटे फिरायला जाणारी काही मंडळी. वनखात्याचा होकार घेतला. अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, दगड-माती-झाडाला हात लावणं तर दूरच. १९७२ चा वन्यजीव कायदा त्याबाबतीत स्पष्ट आहे. मेसेज फिरले. शहरातल्या एका कंपनीनं टोप्या, टी-शर्ट, बॅनर आणि वर चाळीस माणसं दिली. सकाळी सात वाजता पठारावर सत्तरच्या वर लोक. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

दुपारी एकपर्यंत त्या सत्तर लोकांनी काय केलं ते ऐका. हातभर वाट दोन माणसं हातात हात घालून जातील एवढी रुंद केली. कडेची धावड्याची, आपट्याची रोपं ‘झुडपं’ म्हणून उपटली. फांद्या गुडघ्याच्या उंचीवर कापून टोकदार खुंट ठेवले. पुढच्या महिन्यात तांड्यावरच्या एका म्हातारीच्या पोटरीत त्यातलाच एक घुसला. कातळावर ऑइलपेंटनं लाल बाण काढले. आणि उतारावर, वाटेच्या अगदी आडवे, चौदा दगडी बांध घातले. सुबक. रचाई अशी की पाहणाऱ्यानं वाहवा म्हणावं. शेवटी बॅनरमागे फोटो झाला. त्यात मी पहिल्या ओळीत आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि चौदापैकी अकरा बांध वाहून गेले. नुसते गेले नाहीत. प्रत्येकामागे पाणी साचलं, मुरूम फुगला, मग पाण्यानं बांधाची कड शोधली आणि वाट पोखरत खाली धावलं. औट्रमच्या काळापासून पडली नसेल एवढी घळ आम्ही एका सकाळच्या श्रमदानातून पाडली होती.

मला त्यानंतर झोप लागेना. दगड चुकीचे नव्हते, माणसं आळशी नव्हती. मग चुकलं काय? ते उमगलं तेव्हा मला माझ्याच डोक्याचं हसू आलं. आम्ही सगळे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ वाचत मोठे झालेले. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या भिंतीवर दुसरं काही लिहिलेलंच नसायचं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच वर्षी पानी फाउंडेशनच्या वॉटर कपची पहिली स्पर्धा झाली. ती तीन तालुक्यांत झाली, त्यांत आमच्याकडचं अंबाजोगाई होतं. माझा भाचा तिथं रात्री बॅटरी लावून चर खोदायचा. तोच त्या फेब्रुवारीत आमचा बांधांचा मुकादम होता! मराठवाड्यातल्या माणसाच्या हातात कुदळ दिली आणि समोर उतार दाखवला की तो पाणी अडवणारच. त्याला दुसरं सुचणार कसं? घोटभर पाणी पुढं जाऊ देणं हेच आमच्याकडे पाप.

आणि वाटेचं सगळं शास्त्र नेमकं उलटं. वाटेवर पाणी अडवायचं नसतं, थांबू द्यायचं नसतं, जमू द्यायचं नसतं.

हे मला पुस्तकाच्या आधी मामांनी सांगितलं. मामा म्हणजे वनखात्यातले वनमजूर, साठीकडे झुकलेले, जन्म पलीकडच्या वस्तीवरचा. श्रमदानाच्या दिवशी ते सावलीत बसून बिडी ओढत आमच्याकडे बघत होते. जूनमध्ये त्या घळीशी उभं राहून मी त्यांना विचारलं, “मामा, तुम्हाला दिसत होतं ना? मग तेव्हाच का नाही बोललात?”

“इचारलं कोनी?”

मग त्यांनी काठीनं ओल्या मातीत एक तिरपी रेघ ओढली. “वाटंवर पानी अडवत नसत्यात मॅडम. पान्याला त्याच्या वाटंला लावायचं असतंय.”

नंतर वाचलं, चार ठिकाणी विचारलं, आणि सगळे शेवटी मामांच्या त्या रेघेवरच आले. दगडांची ओळ वाटेला काटकोनात नाही, तिरपी घालायची. चाळीस-पंचेचाळीस अंशात, दरीकडचं टोक खाली. दगडाचा दोनतृतीयांश भाग जमिनीत गाडायचा, एकतृतीयांश वर. वर मांडून ठेवलेला दगड पहिल्या गाईच्या खुरानं हलतो. ओळीच्या खालच्या टोकाला सांडवा रुंद आणि मोकळा ठेवायचा. सांडवा हा शब्द वापरला आणि आमची गावाकडची मंडळी एका क्षणात समजली. बंधाऱ्याला सांडवा लागतो हे कोणाला शिकवायला नको. वाटेलाही लागतो, दर वीस-पंचवीस पावलांवर, एवढंच सांगायचं होतं.

दुसरं, वाटेला दरीच्या बाजूला किंचित कल हवा, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवं ओलांडून निघून जातं. माणसं, गुरं चालून चालून वाटेच्या बाहेरच्या कडेला मातीचा उंचवटा तयार होतो आणि मग वाटच पाट बनते. तो उंचवटा दरवर्षी खरवडायचा. यात फोटो काढण्यासारखं काहीही नाही. माणूस दिवसभर खरवडतो आणि संध्याकाळी वाट आधी होती तशीच दिसते. नीट झालेलं काम दिसतच नाही, ही या कामातली मोठीच अडचण आहे.

तिसरं उताराचं. डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला नको, नाहीतर पाणी आडवं न जाता वाटच धरतं. आणि एकूण वाट दहा टक्क्यांच्या आसपास असली तर उत्तम, म्हणजे दहा मीटर चालल्यावर एक मीटर चढ. हे मोजायला आम्ही कुठलं यंत्र आणलं नाही. समतल चर आखायला वापरतात ती ए-फ्रेम, म्हणजे मधोमध ओळंबा टांगलेली इंग्रजी A सारखी लाकडी चौकट, भाच्याकडे पडून होती. तिच्या पायांत अंतर दोन मीटर. एका पायाखाली वीस सेंटिमीटरचा ठोकळा ठोकला आणि ओळंबा मधल्या खुणेवर आला की झाला दहा टक्के उतार. पाणी अडवायचं अवजार पाणी घालवायला लागलं. भाचा थोडा हिरमुसला, पण त्याचं अवजार होतं म्हणून चाललं.

ऑइलपेंटचे बाण काढायला आम्हाला तीन रविवार लागले. तारेचा ब्रश, घाम, आणि तरी आजही एक बाण पुसट दिसतो. खुणा करायच्या तर अंतूर किल्ल्याच्या वाटेवर निजामशाहीतला दगडी खांब आहे तो पाहावा. कुठली वाट कोणत्या गावाकडे जाते ते त्यावर फारसीत कोरलंय. एकच खांब, नेमक्या फाट्यावर. आम्ही पावणेदोन किलोमीटरला बावीस बाण काढले होते, त्यातले काही तर वाट सरळ असताना सरळ दाखवणारे.

त्या हिवाळ्यात मुलांची सहल पितळखोऱ्याला नेली होती. ही लेणी याच डोंगररांगेत, कन्नडहून फार लांब नाहीत. चौदा लेणी, सुरुवात इसवी सनापूर्वीची. मी पूर्वी दहा वेळा तरी तिथं गेले असेन आणि दरवेळी यक्ष, हत्ती, खांबांवरची चित्रं मुलांना दाखवली असतील. या वेळी माझं लक्ष चौथ्या लेण्याच्या पायऱ्यांजवळच्या पाच फण्यांच्या नागावर गेलं. त्याच्या फण्यांना भोकं आहेत. मागे खडकात खोदलेल्या नळीतून येणारं पाणी त्या भोकांतून बाहेर पडावं अशी ती योजना. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथं कोणीतरी उभं राहून हाच विचार करत होतं की पाऊस पडणार, खडक ठिसूळ आहे, पाणी कुठून काढू? आणि काढायचंच आहे तर नागाच्या फण्यातून काढू. मुलं पुढं गेली तरी मी तिथंच. खडकानं पुढे दगा दिला, दर्शनी भागाचा बराच तुकडा कोसळला, ते वेगळं.

तिथल्या एका खांबावर देणगीचा लेख आहे. पैठणच्या एका गंधिकानं, म्हणजे अत्तरवाल्यानं, तो खांब दिलाय. आमच्याही स्वयंसेवकांच्या यादीत एक अत्तराचा षोकीन आहे, कापड दुकानदार. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं की दान काय ते करा, पण रविवारी अत्तर लावून येऊ नका. वरच्या कड्याला आग्यामोहोळ आहे.

तर माणसांचं.

दगड समजायला एक पावसाळा लागला, माणसं अजून समजतायत. फसलेल्या श्रमदानानंतर आमच्या बीटच्या वनरक्षक, म्हणजे गार्ड मॅडमनी मला बाजूला घेतलं. वय असेल पंचविशीचं, परभणीकडच्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, “मॅडम, राग येऊ देऊ नका, पण माणसं कमी आणा.” मला खरं तर राग आला. लोक येत नाहीत म्हणून सगळे रडतात आणि ही मुलगी म्हणते कमी आणा. पण तिचं गणित साधं होतं. सत्तर माणसांवर तिची दोन माणसं. कोण कुठं खणतंय, कोण बांबूला हात घालतंय, कोण सीताफळाच्या झुडपात फुरसं असेल हे न बघता हात घालतंय, कोण कशावर लक्ष ठेवणार?

आता एका वेळी आठ. त्याहून जास्त नाव आलं तर पुढचा रविवार. मोठं काम नाही, मोठा दिवस नाही. गुरुजींनी (माझेही एकेकाळचे मुख्याध्यापक, त्यामुळे त्यांच्यापुढे माझा आवाज अजून बारीक होतो) वाटेचे दोनशे-दोनशे मीटरचे नऊ तुकडे पाडले आणि एकेक तुकडा एकेका घराला दिला. मेडिकलवाले आणि त्यांचा मुलगा, ग्रामीण रुग्णालयातल्या एक सिस्टर आणि त्यांचे मिस्टर, प्लंबिंग करणारे दोन भाऊ, तांड्यावरचं एक कुटुंब, असे. ज्याचा तुकडा त्यानं वर्षातून चार वेळा जायचं. दिवाळीआधी गवत काढायला, जानेवारीत फांद्यांसाठी, मे अखेरीला सांडवे मोकळे करायला आणि पावसात एकदा नुसतं बघायला. प्लंबर भावांचा तुकडा सगळ्यात चांगला राहतो. का ते सांगायला नको. पाणी कुठून पळतं हे त्यांना उपजत कळतं.

चौथी खेप, पावसातली, मी आग्रहानं ठेवलीय आणि तीच लोक टाळतात. “नुसतं बघायला कशाला यायचं?” पण पाणी वाटेवर कुठून चढतं आणि कुठून उतरत नाही ते त्याच वेळी दिसतं. पंधरा मिनिटांत खुरप्यानं दोन मुठी पाला बाजूला केला की काम झालं. तेच राहिलं तर नोव्हेंबरात आठ माणसं आणि पहार.

नियम फार नाहीत, जे आहेत ते पक्के आहेत. कुदळ मारणाऱ्यापासून दुसरा माणूस कुदळीच्या दोन लांबीवर. फांदी कापायची ती बुंध्यालगत, खुंट ठेवायचा नाही, आणि कापलेली फांदी वाटेवरून दिसणार नाही अशी खालच्या अंगाला टाकायची. माती वाटेशेजारची उकरायची नाही. मधूनच आडव्या चोरवाटा पडतात, वळण टाळायला सरळ खाली उड्या मारणाऱ्यांच्या, त्यांच्या तोंडावर बोराट्या टाकायच्या. पाटीपेक्षा बोराटी लवकर वाचली जाते. चार वाजता जंगलाबाहेर. निघताना हत्यारं मोजायची.

शेवटचा नियम गुरुजींचा. त्यांची वही आहे, रकाने आखलेली. कुदळी चार, टिकाव दोन, पहार एक, फावडी तीन, घमेली सहा, कोयते चार, खुरपी बारा. सकाळी सही, संध्याकाळी सही. गेल्या हंगामात एकदा खुरपी अकरा भरली. अंधार पडायला आला तरी गुरुजी हलेनात. आम्ही म्हटलं, जाऊ द्या, साठ-सत्तर रुपयांचं खुरपं. गुरुजींनी चष्म्यावरून असं पाहिलं की मला थेट सातवीचा वर्ग आठवला. वहीत तांबड्या शाईनं लिहिलं गेलं: ‘खुरपे एक – कमी’.

आता ती गोष्ट, जी मला अजून नीट सोडवता आलेली नाही.

एकदा दुपारी डबे उघडले होते. सिस्टरांनी धपाटे आणले होते, मामांच्या फडक्यात भाकरी आणि ठेचा. बोलता बोलता मेडिकलवाले म्हणाले की श्रमदानासारखं समाधान नाही. मामा भाकरी मोडता मोडता म्हणाले, “माही माय बहात्तरला खडी फोडायला जायची. सुकडी खाऊन. आमी फोडली ती खडी, तुमी फोडता ते श्रमदान.” बोलण्यात विखार नव्हता. त्यांनी ठेचा पुढे केला. पण नंतर धपाटं कोणाच्या घशाखाली सरकेना.

बहात्तरच्या दुष्काळानं मराठवाड्यातल्या लाखो बायाबापड्यांना रस्त्याच्या, तलावाच्या कामावर नेलं, त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. दगड-माती उचलणं हा इथं छंद कधीच नव्हता, ते पोट होतं. आजही आहे. दिवाळी झाली की कितीतरी वस्त्या ऊसतोडीला रिकाम्या होतात. मनरेगाची महाराष्ट्रातली मजुरी २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होती. आम्ही आठ जणांनी रविवारी फुकट केलेलं काम म्हणजे कोणाच्या तरी आठ हाजऱ्या. आम्ही ते ‘वाचवतो’ म्हणायचं की खातो म्हणायचं?

यावर आमच्यात दोन पावसाळे वाद चालला. शेवटी निघालेला मार्ग अर्धामुर्धा आहे. अवजड काम, म्हणजे खचलेल्या तुकड्याला दगडी पायऱ्या बसवणं, धक्का बांधणं, हे आम्ही करायचं नाही. ते तांड्यावरच्या, दगडाची जाण असलेल्या माणसांनी मजुरी घेऊन करायचं. त्यासाठी आम्ही वर्गणी काढतो, परवानगीचे कागद फिरवतो. आमच्या वाट्याला खरवडणं, गवत, पाला, बोराट्या, कचरा. म्हणजे ज्यासाठी कोणी कोणाला कधी मजुरी देणार नाही ते. कंपनीतून पुन्हा फोन आला होता, यंदा शंभर माणसं पाठवतो म्हणून. मी म्हटलं, माणसं नकोत, चार गवंड्यांची पंधरा दिवसांची मजुरी द्या. त्यांनी विचारून सांगतो म्हटलं. अजून विचारतायत.

अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल नावाची वाट आहे. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये कल्पना मांडली, १९३७ मध्ये सलग वाट पुरी झाली. मेनपासून जॉर्जियापर्यंत चौदा राज्यं, साडेतीन हजार किलोमीटर. तिची निगा वेगवेगळे क्लब आणि त्यांचे स्वयंसेवक राखतात, ज्याचा त्याचा तुकडा ठरलेला. हे वाचलं तेव्हा आमच्या गुरुजींना फार आनंद झाला, आपली पद्धत अमेरिकेनं उचलली असा त्यांचा चेहरा होता. तिथं १९६४ च्या कायद्यानं राखलेल्या जंगलांत मोटरची करवत चालवायला बंदी आहे. वाटेवर झाड पडलं तर दोघांनी दोन बाजूंनी ओढायच्या लांब करवतीनं कापतात. माझ्या आजोळी अशी करवत माळ्यावर होती, ती भंगारात किलोवर गेली. पण तिथलं सगळं इथं बसत नाही. त्यांच्या कायद्यातलं जंगल म्हणजे जिथं माणूस पाहुणा असतो ते. (पाहुणा नव्हता त्याला आधी हलवलं, हेही आहेच.) आमच्या वाटेवर पाहुणे आम्ही. तांड्यावरच्या बाया पाण्याला, दळणाला, दवाखान्याला तिथूनच जातात. मराठीत त्याला वहिवाट म्हणतात, वापरातून पडलेला हक्क. शेताच्या पाणंदीसाठी सख्खे भाऊ तहसीलमध्ये वीस-वीस वर्षं तारखा घेतात. जंगलातल्या वाटेसाठी भांडायला मात्र कोणी वारस नसतो.

आम्ही वाट सोपी केली की ती सगळ्यांनाच सोपी होते. गार्ड मॅडमना ती धास्ती कायम. लाकूडचोराची मोटारसायकल वर यायला वेळ लागत नाही. म्हणून रुंदी ठरली ती त्यांनी आणि मामांनी मिळून ठरवलेली. डोक्यावर मोळी घेतलेली बाई जाईल एवढी, त्याहून वीतभर जास्त नाही. दोन वळणांवर मोठे धोंडे असे ठेवलेत की माणूस, शेळी, गाय जाते, हँडल अडकतं. नव्यानं खरवडलेल्या तुकड्यावर पहिला ठसा कोणाचा उमटावा? दुसऱ्या सकाळी मेडिकलवाल्यांच्या मुलानं फोटो पाठवला. बिबट्या. वळणं न चुकवता, तिरप्या दगडांवरून नीट पाऊल टाकत, पुरा दोनशे मीटरचा तुकडा उतरून गेलेला. बोराटी टाकलेल्या चोरवाटेकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एवढी शिस्त आमच्या स्वयंसेवकांत आली तर मी पेढे वाटीन.

फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचे दिवस. मे अखेरीचे सांडवे सोडले तर तेव्हा आमचं काम बंद असतं, वनखात्याची जाळरेषांची, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यांची, धावपळ चालू असते. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, एखादी बिडी पडते, आणि कुसळीचं वाळलेलं गवत क्षणात डोंगर चढतं. जळलेल्या उतारावरून जूनमध्ये जे पाणी येतं ते काळं आणि बेफाम. माती धरायला खाली मुळंच उरलेली नसतात. एका वर्षी आगीनं आमच्या चार आणि पाच नंबरच्या तुकड्यांच्या वरची बाजू जाळली. त्या पावसाळ्यात तिरप्या ओळी राखेनं आणि गोट्यांनी बुजून गेल्या. सिस्टर आणि त्यांचे मिस्टर सलग सहा रविवार गेले. कुणाला न सांगता. गुरुजींच्या वहीतल्या सह्यांवरून आम्हाला ते कळलं.

या जुलैतला दुसरा रविवार. मावशींचा चहा झाला, एसटीनं फाट्यावर उतरले. गुरुजी आधीच पोचलेले, डोक्यावर इरलं. मामा काठी टेकत आले. आठ जणांची नावं होती, आलो तिघं. पाऊस असा की बोललेलं ऐकू येईना.

पहिला तुकडा ठीक. दुसऱ्यात एका ओळीपाशी पाला अडकून पाणी वाटेवर चढलं होतं, मामांनी टाचेनंच मोकळं केलं. खचलेल्या जागी, जिथं आमच्या चौदा बांधांपैकी शेवटचे तीन अजून अर्धवट उभे आहेत, तिथं गवंड्यांनी बसवलेल्या पायऱ्यांवरून पाणी पातळ पदरासारखं उजवीकडे सरकत होतं आणि सांडव्यातून दरीत. आम्ही तिथं बराच वेळ उभे राहिलो. गुरुजी म्हणाले, “ते तीन बांध काढून टाकू या का?” मी म्हटलं, राहू द्या. मला तिथून जाताना ते दिसलेले बरे.

झऱ्यापाशी मामांनी कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढलं आणि माझ्याकडे न बघता गुरुजींच्या हातात दिलं. खुरपं. मुठीला आमच्या अवजारांची निळी पट्टी होती.

“कपाशीत गवत लई झालतं,” मामा म्हणाले.

गुरुजींनी पावसातच वही काढली. इरल्याखाली वाकून, भिजू न देता, तांबड्या शाईची ती ओळ खोडली. मग खुरप्याची धार अंगठ्यावर पाहिली.

“लावून आणलंय की,” ते म्हणाले, आणि मामांकडून तेवढ्याची सही घेतली.